खाटा मोजून काम मोजता येत नाही

वॉर्डात तीस खाटा आणि रात्रीला दोन सिस्टर, म्हणजे प्रत्येकीकडे पंधरा रुग्ण. नर्सच्या कामाचा हा हिशेब नातेवाईक करतात तसा व्यवस्थापनही करतं. पण एका रुग्णाला धाप लागली की एक सिस्टर त्याच्याच खाटेशी अडकते: ऑक्सिजन, सलाईन, डॉक्टरांना फोन, नातेवाइकांना आवरणं आणि हे सगळं वेळेसकट लिहून काढणं. तेवढा वेळ उरलेले एकोणतीस जण एकट्या दुसरीवर. डिस्चार्ज झालेल्या खाटेवर तासाभरात नवा रुग्ण आला, तर खाट तीच राहते, काम मात्र दोन रुग्णांचं होतं. जॅक नीडलमन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या एका मोठ्या रुग्णालयातल्या सुमारे १ लाख ९८ हजार दाखल रुग्णांच्या नोंदी तपासल्या. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, नर्स गरजेपेक्षा कमी असलेल्या प्रत्येक पाळीमागे मृत्यूचा धोका सुमारे २ टक्के जास्त आढळला, आणि रुग्णांची ये-जा फार असलेल्या पाळीमागे सुमारे ४ टक्के. एका रुग्णालयाच्या नोंदींवरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे खरं. तरी ये-जा हिशेबात न धरणारं वेळापत्रक अपुरं ठरतं.

एक तास धावपळीचा गेला तर पुढचा निवांत जातो, सरासरी जुळते, असंही म्हटलं जातं. पण रुग्णाची कूस बदलणं चुकलं, तर ते नंतर भरून निघत नाही. बिअॅट्रिस कॅलिश यांनी २००६ मध्ये राहून जाणाऱ्या कामांची नोंद केली: रुग्णाला चालवणं, भरवणं, स्वच्छता, समजावणं, धीर देणं, लक्ष ठेवणं. आपल्याकडे यातलं बरंचसं नातेवाईक करतात, म्हणून तूट कुठल्याच रजिस्टरात दिसत नाही. लक्ष ठेवण्याचं काम मात्र त्यांच्याकडून होणारं नाही.

अचानक घडणाऱ्या गोष्टीचं नियोजन कसं करायचं, हा आक्षेप अर्धाच बरोबर आहे. कोणती खाट, हे आधी कळत नाही. पण प्रकृती ढासळण्याआधी श्वासाचा वेग, नाडी, रक्तदाब अनेकदा काही तास आधीच बदललेले असतात. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये अशाच मोजमापांवर गुण देणारी ‘न्यूज’ पद्धत आणली. हे श्वास मोजायचे नर्सनेच. तिला वेळ नसेल, तर वेळीच कळली असती अशी घटना ‘अचानक’ म्हणून समोर येते, पुन्हा तिचाच वेळ खाते आणि पुढच्या खाटेवरचं मोजमाप राहून जातं. नुसतं प्रमाण ठरवूनही भागत नाही: कॅलिफोर्नियात २००४ पासून नर्समागे रुग्णांची कमाल संख्या कायद्याने ठरलेली आहे. तिथेही त्या प्रमाणाला किमान सोय मानतात आणि रुग्ण जास्त गंभीर असतील तर वर आणखी नर्स नेमाव्या लागतात.