पीएचपीवर फुटणारं खापर: गैरसमज आणि वस्तुस्थिती

बारामतीजवळच्या कन्हेरीचं नाव राज्याला माहीत आहे ते इथल्या मारुतीमुळे. पवार कुटुंबाच्या प्रचाराचा नारळ वर्षानुवर्षं याच मंदिरात फुटत आला आहे. या गावात राहून मी दुकानं, दूध संस्था आणि शाळांच्या वेबसाइट बनवतो. बहुतेक काम पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेत चालतं. बारामतीत संगणक शिकणारी मुलं भेटली की हमखास विचारतात, "दादा, अजून पीएचपीच करता?" या प्रश्नामागे बऱ्याच ऐकीव गोष्टी असतात. काही एकेकाळी खऱ्या होत्या, काही कधीच नव्हत्या. पण त्यांच्या जोरावर मुलं शिकण्याची उमेदीची वर्षं कशात घालायची ते ठरवतात, म्हणून त्यांची शहानिशा करायला हवी.

गैरसमज १: पीएचपी संपली.

वस्तुस्थिती: रासमुस लेरडॉर्फ यांनी स्वतःच्या वेबपानासाठी लिहिलेली पीएचपी नावाची साधनं ८ जून १९९५ रोजी सगळ्यांसाठी खुली केली. नोव्हेंबर २०२० मध्ये आठवी मोठी आवृत्ती आली आणि तेव्हापासून दरवर्षी वर्षअखेरीस नवी आवृत्ती येते आहे. भाषेच्या गाभ्यावर काम करणाऱ्यांना मानधन मिळावं म्हणून २०२१ मध्ये पीएचपी फाउंडेशन उभं राहिलं. वर्डप्रेस पीएचपीत आहे, अनेक महाविद्यालयं वापरतात ते मूडल पीएचपीत आहे. १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया ज्या मीडियाविकीवर चालतो, तेही पीएचपीतच लिहिलेलं आहे. डब्ल्यूथ्रीटेक्सच्या पाहणीत, सर्व्हरवरची भाषा ओळखता येते अशा दर दहा संकेतस्थळांपैकी सातांहून अधिक पीएचपीवर आहेत. मशीन लर्निंग करायचं असेल तर पायथनच शिका, त्याला पर्याय नाही. पण वेबचं काम करणाऱ्याला पीएचपीत आजही भरपूर काम आहे.

गैरसमज २: पीएचपी संथ आहे.

वस्तुस्थिती: ही तक्रार पाचव्या आवृत्तीच्या काळातली. डिसेंबर २०१५ मध्ये आलेली सातवी आवृत्ती ५.६ च्या दुपटीपर्यंत वेगवान होती. कोड दर वेळी नव्याने वाचावा लागू नये म्हणून ओपीकॅश ५.५ पासून सोबतच मिळतं. आता वेबसाइट रखडते ती बहुतेक वेळा डेटाबेसपाशी. दूध संस्थेच्या ५०० सभासदांची यादी दाखवायची आहे असं धरा. आधी सभासद मागवले आणि मग लूपमध्ये एकेकाचं शेवटचं बिल मागवलं, तर डेटाबेसकडे ५०१ फेऱ्या होतात. हीच माहिती जोडून मागवली तर एक-दोन फेऱ्यांत काम होतं. जावा किंवा पायथनमध्ये ५०१ फेऱ्या मारल्या तरी पान तितकंच रखडेल. आठव्या आवृत्तीतल्या जेआयटीचा, म्हणजे चालता चालता कोड यंत्रभाषेत बदलणाऱ्या सोयीचा, गाजावाजा झाला, पण तिचा खरा फायदा जड आकडेमोडीला होतो, अशा यादीच्या पानाला फारसा नाही.

गैरसमज ३: पीएचपीची साइट हमखास हॅक होते.

वस्तुस्थिती: भाषेत धोकादायक सोयी होत्या, हे खरं. रजिस्टर ग्लोबल्समुळे पत्त्याच्या ओळीतून आलेली किंमत थेट प्रोग्रामच्या चलात जाऊन बसायची. ही सोय २००२ मध्ये मूळ मांडणीत बंद झाली आणि २०१२ मध्ये ५.४ मधून पूर्ण काढली गेली. जुनी मायएसक्यूएल फंक्शन्स सातव्या आवृत्तीत काढून टाकली गेली. क्वेरी आणि वापरकर्त्याने भरलेली माहिती वेगळी ठेवणारं पीडीओ २००५ पासून आहे, पासवर्ड नीट साठवणारं पासवर्ड_हॅश २०१३ पासून आहे.

मग साइट फुटतात कशामुळे? जुने धडे बघून लिहिलेला कोड, वर्षानुवर्षं अपडेट न केलेले प्लगइन आणि मुदत संपलेली आवृत्ती, यांमुळे. ५.६ ची सुरक्षा दुरुस्ती २०१८ च्या अखेरीस थांबली, ७.४ ची नोव्हेंबर २०२२ मध्ये. तरी "चालतंय ना, मग हात कशाला लावायचा" म्हणत लोक त्यांवरच राहतात आणि साइट फुटली की खापर भाषेवर फोडतात.

गैरसमज ४: फ्रेमवर्क आलं की पीएचपी शिकायला नको.

वस्तुस्थिती: सिम्फनी (२००५), कोडइग्नायटर (२००६), लॅराव्हेल (२०११) ही सगळी पीएचपीतच लिहिलेली आहेत. लॅराव्हेल तर आतून सिम्फनीचे बरेच सुटे भाग वापरतं. फ्रेमवर्क पत्त्यांची वाटणी, फॉर्मची सुरक्षा, डेटाबेसची देवाणघेवाण अशी रोजची कामं नीट लावून देतं. पण संरक्षण कुठे संपतं, ते भाषा येत असेल तरच कळतं. लॅराव्हेलच्या ब्लेडमध्ये दुहेरी महिरपी कंसात लिहिलेला मजकूर निर्धोक करून छापला जातो. त्याऐवजी महिरपी कंस आणि दोन उद्गारचिन्हं वापरली की तो जसाच्या तसा जातो, आणि कुणी त्यात स्क्रिप्ट घातली असेल तर तीही जाते.

शेअर्ड होस्टिंगवर आणखी एक प्रकार दिसतो. लॅराव्हेलचं अख्खं फोल्डर उघड्या फोल्डरमध्ये चढवलं जातं. बाहेरच्या जगाला फक्त त्यातलं 'पब्लिक' फोल्डर दिसायला हवं. तसं केलं नाही तर डेटाबेसचा पासवर्ड असलेली 'डॉट ईएनव्ही' फाइल ब्राउझरमध्ये कुणालाही वाचता येऊ शकते. हे फ्रेमवर्कच्या कागदपत्रांत लिहिलेलं आहे, पण सर्व्हर काय दाखवतो आणि काय लपवतो, हे कळल्याशिवाय त्याचा अर्थ लागत नाही.

गैरसमज ५: लॅराव्हेल सोडून बाकी सगळं टाकाऊ.

वस्तुस्थिती: लॅराव्हेल मला आवडतं. रांगेत टाकायची कामं, ईमेल, चाचण्या अशी मोठी मांडणी असेल तर मी तेच घेतो. पण त्याची मोठी आवृत्ती साधारण दरवर्षी येते आणि सुरक्षा दुरुस्ती दोन वर्षं मिळते. म्हणजे साइट दिली आणि विसरलो, असं चालत नाही. पाच पानांच्या शाळेच्या साइटला एवढा संसार कशाला? तिथे नीट लिहिलेली साधी पीएचपी किंवा वर्डप्रेस पुरतं. छोट्या होस्टिंगवर कोडइग्नायटर हलकं पडतं. मात्र २०२० मध्ये आलेली त्याची चौथी आवृत्ती नव्याने लिहिलेली आहे. तिसरीतला प्रकल्प तिच्यात आपोआप जात नाही, हात घालून बदलावा लागतो. हे गिऱ्हाइकाला आधीच सांगावं. ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये, हे फ्रेमवर्कलाही लागू आहे.

गैरसमज ६: पीएचपीत मराठी नीट चालत नाही.

वस्तुस्थिती: चालते, फक्त योग्य फंक्शन वापरावं लागतं. आमच्या गावाचंच नाव घ्या. 'कन्हेरी' हा शब्द स्ट्रलेनला दिला तर उत्तर २१ येतं, कारण ते बाइट मोजतं आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. एमबी_स्ट्रलेनला दिला तर ७: क, न, हलन्त, ह, एकार, र, वेलांटी. वाचणाऱ्याला दिसतात तशी तीन अक्षरं, म्हणजे क, न्हे, री, मोजायला ग्राफीम_स्ट्रलेन आहे. सर्व्हरवरची युनिकोडची लायब्ररी जुनी असेल तर ते जोडाक्षर तोडून ४ सांगतं, नवी असेल तर ३. 'कन्हेरी'ने सुरू होणारा बातमीचा मथळा सबस्ट्रने दहा बाइटांवर कापला तर 'कन्' पुढे 'ह'चा तिसरा हिस्सा उरतो आणि पानावर प्रश्नचिन्हाची काळी खूण उमटते.

दुसरी अडचण नावांच्या तपासणीत येते. युनिकोडच्या हिशेबात काना, मात्रा, अनुस्वार ही अक्षरं नसून जोडचिन्हं आहेत. 'नावात फक्त अक्षरं चालतील' असा नियम लावला की 'शिंदे' आडनाव चुकीचं ठरतं. नियमात जोडचिन्हांनाही जागा दिली की प्रश्न मिटतो. आपल्या माणसाला त्याचं नाव त्याच्या लिपीत भरता आलं पाहिजे. फॉर्मने ते नाकारणं हा गिऱ्हाइकाचा अपमान आहे.

शिकू पाहणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच: आधी फ्रेमवर्कशिवाय एक छोटं काम पूर्ण करा. लॉगिन, यादी, शोध आणि मराठी मजकूर हे सगळं त्यात असू द्या, आणि डेटाबेसशी बोलताना पीडीओच वापरा. मग तेच काम एका फ्रेमवर्कमध्ये करा. त्याने कोणतं ओझं उचललं आणि कोणतं तुमच्यावरच ठेवलं, ते लगेच कळेल. काम घेताना गिऱ्हाइकाला तीन प्रश्न विचारा: होस्टिंगवर पीएचपीची कोणती आवृत्ती आहे, दरवर्षी अपडेट कोण करणार, आणि मी नसलो तर हा कोड कोण वाचणार? गावाकडच्या कामात तिसरा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. त्याचं उत्तर ज्या साधनाने नीट मिळतं तेच निवडा, मग ते जुनं म्हणून हिणवलं जात असलं तरी.