हॉटेलात एवढा कलकलाट का होतो?

रविवारी दुपारी खालापूरजवळ किंवा कर्जत-मुरबाड रस्त्यावरच्या एखाद्या भरलेल्या हॉटेलात जेवायला बसलात, तर समोरचा काय बोलतोय ते धड कळत नाही. सगळ्यात जास्त हाल आजी-आजोबांचे. श्रवणयंत्र शब्दांबरोबर ताटल्यांचा खणखणाटही मोठा करतं. मग ते दोनदा "काय म्हणालास?" विचारतात आणि नंतर गप्प जेवत बसतात. आपण म्हणतो, लोकांना हळू बोलायची सवयच नाही. मला वाटतं, लोकांपेक्षा दोष खोलीचा जास्त असतो.

नववीच्या विज्ञानात आपण ‘निनाद’ शिकवतो आणि उदाहरण घुमटाचं देतो. मुलांना हॉटेल जास्त जवळचं! गुळगुळीत फरशी आणि सिमेंटच्या प्लास्टरवर पडलेल्या आवाजातले शंभरातले दोन-तीन भागच शोषले जातात, बाकीचा परत येतो. पहिला शब्द विरायच्या आत दुसरा येऊन त्यावर बसतो. शिवाय गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो. फ्रेंच डॉक्टर एत्येन लोंबार यांनी १९११ मध्ये हे मांडलं. एका टेबलाचा आवाज चढला की शेजारच्याचाही चढतो.

हे मोजायला शिकवलं वॉलेस सॅबिन यांनी. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या नव्या व्याख्यानगृहात बोललेलं कळत नव्हतं. सॅबिन रात्री जवळच्या नाट्यगृहातल्या गाद्या तिथे आणून ठेवायचे आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजायचे. शोषणाचं त्यांचं माप होतं उघडी खिडकी, कारण तिच्यातून गेलेला आवाज परत येत नाही. त्यांचं सूत्र सोपं आहे: निनादाचा काळ = ०.१६१ × खोलीचं घनफळ ÷ एकूण शोषण.

१० मीटर लांब, ६ रुंद, ३ उंच अशी बंद खोली घ्या. घनफळ १८० घनमीटर, सगळे पृष्ठभाग २१६ चौरस मीटर. शंभरात तीन भाग धरले तर शोषण साधारण साडेसहा, आणि निनाद जवळजवळ साडेचार सेकंद! वीस माणसं बसली की तो दोन सेकंदांच्या आत येतो (माणूसही आवाज शोषतो, साधारण अर्धी खिडकी म्हणा). छताच्या ४० चौरस मीटरवर रॉकवूलसारखं सच्छिद्र अस्तर लावलं तर सुमारे ०.७ सेकंद. हे गणित फळ्यावर जरूर करून घ्या.

आपल्याकडची जुनी पडवी म्हणजे एक भलीमोठी उघडी खिडकीच. काचा लावून एसी बसवला की ती बंद होते. पण जुलैतल्या पावसात बाजू उघडी ठेवणार कशी? म्हणून अस्तर छताला लावणं बरं; तिथे ना ओल लागते, ना कोणाचा हात. छत पत्र्याचं असेल तर पावसाचा ताडताड आवाज वेगळा, त्याला वरून जाड थर लागतो. अंड्यांचे ट्रे मात्र भिंतीला चिकटवू नका. बोलण्याचा आवाज ते फारसा शोषत नाहीत आणि पेट घेतात. स्वस्त फोमचंही तेच. स्वयंपाकघराशेजारी तो धोक्याचाच. भिंतीपासून थोडं अंतर सोडून चुण्या घातलेला जाड पडदा टांगला तरी फरक पडतो.

वर्ग सुटल्यावर रिकाम्या खोलीत एक टाळी वाजवून ऐका. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शनानुसार वर्गातला निनाद ०.६ सेकंदाच्या आसपास असावा. टाळी त्याहून कितीतरी लांबत असेल, तर मागच्या बाकावरच्या मुलाला तुमचा शब्द कसा पोचत असेल याचा अंदाज येईल.