मांत्रिकाच्या कांडीत किती जादू असते?

रविवारी दुपारी सफाळ्यात आमच्या पडवीत आम्ही पाच जण डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळायला बसतो. एक जण पालघरहून येतो. एक बोईसरहून, तारापूर एमआयडीसीतली रात्रपाळी संपवून, चार तास झोप काढून. विरारची एक मुलगी डहाणू लोकलने येते आणि खिडकीची जागा मिळाली की तेवढ्यानेच खूश असते. मी डीएम, म्हणजे गोष्ट सांगणारा, राक्षस चालवणारा आणि नियमांवरून शिव्या खाणारा. आमच्या खेळातला किल्ला तांदुळवाडीवर बेतलेला आहे. माथ्यावरची खडकात खोदलेली पाण्याची टाकी मी जशीच्या तशी उचलली, पाण्यात काय आहे तेवढं बदललं.

गेल्या पावसाळ्यात त्या टाक्यातून आमच्या विझर्डला, म्हणजे मांत्रिकाचं पात्र खेळणाऱ्या बोईसरकराला, एक कांडी मिळाली. ‘वाँड ऑफ द वॉर मेज’, +१ ची. पुढच्याच दालनात त्याने फायरबॉल टाकला आणि विचारलं, “आता माझा फायरबॉल एकने भारी ना?” मी नाही म्हटलं. पुस्तक उघडलं, वाद पेटला, त्याची परतीची लोकल सुटली. पुढच्या गाडीपर्यंत आम्ही चहा पीत जे बोललो, त्यातलं बरंचसं इथे लिहितोय. कारण मंतरलेल्या वस्तूंबद्दल त्याचे जे समज होते, ते नव्याने खेळणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचे असतात.

आधी कांडीचा निकाल लावू. या खेळात मंत्र दोन तऱ्हेने लागू होतात. काही मंत्रांत मंत्र टाकणारा वीस बाजूंचा फासा टाकतो आणि नेम धरतो. काहींत समोरचा फासा टाकतो आणि वाचायचा प्रयत्न करतो. त्याने जो आकडा गाठायचा, त्याला डीसी म्हणतात. डीसी म्हणजे ८, अधिक प्रावीण्याचा बोनस, अधिक बुद्धीचा बोनस. वॉर मेजची कांडी फक्त पहिल्या तऱ्हेला, म्हणजे नेमाला, मदत करते. समोरचा अर्धवट आडोशाला असेल तरी त्या आडोशाचा अडथळा ती नेमाला होऊ देत नाही. फायरबॉल दुसऱ्या तऱ्हेचा. तिथे ती कांडी आणि घरातलं लाटणं सारखंच.

हा गैरसमज येतो कुठून? मला वाटतं, आपण ज्या गोष्टींवर वाढलो त्यांतून. चांदोबातल्या जादूगाराचा प्राण पोपटात असायचा, शक्ती काठीत असायची. काठी हिसकावली की तो बिचारा म्हातारा. कथासरित्सागरातला पुत्रक आठवा. मयासुराची दोन मुलं वडिलांच्या मागे राहिलेल्या तीन वस्तूंसाठी भांडत असतात: मागाल ते जेवण देणारं भांडं, जे लिहाल ते खरं करणारी काठी आणि आकाशात उडवणाऱ्या पादुका. पुत्रक त्यांना सांगतो, पळायची शर्यत लावा, जिंकेल त्याचं सगळं. ते धावत सुटतात आणि हा पादुका घालून उडून जातो. सोमदेवाने हे अकराव्या शतकात काश्मीरमध्ये लिहिलं. पण त्यामागची मूळ बृहत्कथा परंपरेने गुणाढ्याची, सातवाहनांच्या दरबारातल्या माणसाची मानली जाते, म्हणजे गोष्ट एका अर्थी घरचीच. आता पाहा, पुत्रकाला मंत्र एकही येत नाही. सगळी जादू वस्तूत आहे. तो फक्त हुशार आहे.

डंजन्स अँड ड्रॅगन्समधल्या विझर्डचं कूळ वेगळं. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली हा खेळ छापला, तेव्हा जादूची रीत त्यांनी जॅक व्हान्स या लेखकाकडून घेतली. त्याच्या १९५० सालच्या ‘द डाइंग अर्थ’मधले मांत्रिक मंत्र पाठ करतात, आणि मंत्र एकदा उच्चारला की तो डोक्यातून पुसला जातो. डोक्यात मावतील तेवढेच मंत्र. आजच्या नियमांत पाठांतर सैल झालंय, पण टंचाई कायम आहे. तिचं आजचं नाव स्पेल स्लॉट. पाचव्या पायरीवरच्या, म्हणजे लेव्हलच्या, विझर्डकडे दिवसाला नऊ स्लॉट असतात, आणि फायरबॉलच्या तोडीचे, म्हणजे तिसऱ्या पातळीचे, त्यांतले फक्त दोन. तेव्हा मांत्रिकाला बळ द्यायचं तर जोर वाढवून फारसं साधत नाही. त्याच्याकडे जे कमी आहे ते द्यावं लागतं.

म्हणूनच ‘पर्ल ऑफ पॉवर’ नावाचा मोती घ्या. दिसायला काही नाही, ना ज्वाळा ना गडगडाट. दिवसातून एकदा तो वापरून खर्च झालेला एक स्लॉट परत मिळतो, तिसऱ्या पातळीपर्यंतचा. पाचव्या पायरीवर दोन फायरबॉलचे तीन झाले. इतक्या स्वस्तात दुसरी कुठलीही वस्तू विझर्डला एवढं देत नाही, असं माझं ठाम मत आहे. आमच्या टेबलावर मात्र तो मोती तीन आठवडे पिशवीत पडून होता. चमकत नव्हता ना!

“फायरबॉलची कांडी विझर्डच्या हातात जास्त चालते.” हा दुसरा समज. ‘वाँड ऑफ फायरबॉल्स’मध्ये सात चार्ज असतात. पहाटे त्यांतले काही परत भरतात. शेवटचाही खर्च केला तर फासा टाकावा लागतो, आणि १ पडला तर कांडीची राख होते. पण तिचा डीसी ठरलेला आहे: १५. कुठल्याही मांत्रिकाच्या हातात द्या, पंधराच. पाचव्या पायरीवरच्या, बुद्धी १८ असलेल्या विझर्डचा स्वतःचा डीसीही ८ + ३ + ४, म्हणजे १५, तेव्हा फरक कळत नाही. नवव्या पायरीवर, बुद्धी २० झाली की त्याचा डीसी १७ होतो आणि कांडी त्याच्या मागे पडते. तरी ती टाकाऊ होत नाही, कारण ती स्लॉट खात नाही. म्हणजे तिचंही खरं मोल जोरात नाही, बचतीत आहे.

डीसी वाढवणाऱ्या वस्तूंबद्दल उलटा गैरसमज आहे: “एक-दोननं काय होतंय?” वीस बाजूंच्या फाशावर प्रत्येक अंक म्हणजे पाच टक्के. समोरच्याचा बोनस +२ असेल, तर डीसी १५ ला तो वीसपैकी बारा वेळा फसतो, म्हणजे ६० टक्के. डीसी १७ ला ७० टक्के. फायरबॉलची सरासरी इजा २८, वाचला तर निम्मी, म्हणजे १४. हिशेब केला तर २२.४ ची सरासरी २३.८ वर जाते. दीडसुद्धा नाही! पण तोच डीसी ‘होल्ड पर्सन’ला लावा. त्या मंत्रात निम्मं काही नसतं. समोरचा जागच्या जागी थिजतो किंवा मंत्र वाया जातो. तिथे दहा टक्के म्हणजे अख्खी लढाई फिरते. डीसी वाढवणारी वस्तू जाळणाऱ्याला नको, जखडणाऱ्याला द्या. अशा वस्तू फार नाहीत, आणि सगळ्यात नावाजलेला, +२ देणारा ‘रोब ऑफ द आर्कमेजाय’ दुर्मिळातला दुर्मिळ आहे. माझ्या खेळाडूंनी त्याची वाट पाहू नये.

“बुद्धी वाढवणारी पट्टी म्हणजे विझर्डची हक्काची वस्तू.” ‘हेडबँड ऑफ इंटेलेक्ट’ बुद्धी वाढवत नाही, ती १९ करते. आधीच १८ असेल तर बोनस +४, आणि १९ लाही +४. कपाळाला पट्टी बांधून फायदा शून्य. उलट मंत्र येणारा एखादा योद्धा असेल, एल्ड्रिच नाइट, त्याची बुद्धी ८, तर त्याचा बोनस −१ वरून थेट +४ वर जातो. पाचव्या पायरीवर डीसी १० चा १५! पट्टी त्याच्या डोक्याला शोभते. विझर्डला हे सांगितलं की तो रुसतो, तो भाग निराळा.

आता असा समज, ज्याच्यामुळे सगळ्यात जास्त चरफड होते. वस्तू जमवत गेलं की बळ वाढत जातं. बहुतेक चांगल्या वस्तूंशी आधी सूत जुळवावं लागतं. एक तास शांत बसून, वस्तू हातात घेऊन. याला अट्यूनमेंट म्हणतात, आणि एका वेळी तीनच वस्तूंशी ते जमतं. लोकलच्या बाकावर तिघांची जागा असते आणि चौथा “जरा सरका” म्हणत टेकतो. इथे चौथी सीट नाही. (पुत्रकाकडेही नेमक्या तीनच वस्तू होत्या. हा निव्वळ योगायोग, पण मला आवडतो.) म्हणून +१ ची कांडी घेताना प्रश्न तिच्या किमतीचा नसतो, तिने अडवलेल्या जागेचा असतो.

त्या तीन जागांपैकी एक जागा कशासाठी ठेवावी, तर एकाग्रतेसाठी. हे कोणीच मनावर घेत नाही. पुष्कळ मोठे मंत्र टिकवायला मांत्रिकाला चित्त एकवटून ठेवावं लागतं. असा मंत्र एका वेळी एकच. मार बसला की शरीरबळाचा फासा टाकायचा, १० किंवा बसलेल्या इजेच्या निम्मे, यांतला मोठा आकडा गाठायचा. चुकला की मंत्र गेला, स्लॉटही गेला. ‘क्लोक ऑफ प्रोटेक्शन’ हा साधा अंगरखा मार लागणंही थोडं कमी करतो आणि वाचण्याच्या प्रत्येक फाशात +१ देतो, एकाग्रतेच्याही. यावर “पण हल्ला काहीच नाही ना वाढत” असं विरारची खेळाडू म्हणाली होती. तिच्या ड्रुइडने, म्हणजे निसर्गाचे मंत्र टाकणाऱ्या पात्राने, त्या दिवशी बोलावलेले आठही लांडगे एका बाणाने नाहीसे झाले. हल्ली ती अंगरखा काढत नाही.

वस्तू मांत्रिकाच्याच अंगावर हवी, हाही समजच. ‘रिंग ऑफ स्पेल स्टोअरिंग’ या अंगठीत पाच पातळ्यांचे मंत्र साठतात. ती घालणारा कोणीही ते वापरू शकतो, आणि डीसी मात्र मूळ मांत्रिकाचा लागतो. युक्ती अशी: रात्री झोपण्याआधी जे स्लॉट उरले असतील ते अंगठीत ओतायचे. नाहीतरी सकाळी ते नव्याने भरणारच. मग अंगठी योद्ध्याच्या बोटात. एकाग्रतेचा मंत्र असेल तर चित्त योद्ध्याने सांभाळायचं, म्हणजे विझर्ड त्याच वेळी दुसरा मंत्र धरून ठेवायला मोकळा. शिळ्या भाताचा फोडणीचा भात करणाऱ्या कुठल्याही घरात ही अंगठी पहिल्याच दिवशी कळते.

एक गैरसमज टेबलाबाहेरचा. शेजारच्या काकूंनी एकदा पडवीत डोकावून विचारलं, “हे जादूटोण्याचं तर नाही ना? त्याला कायदा आहे म्हणतात.” कायदा आहे, २०१३ चा, महाराष्ट्राचा. तो नरबळी आणि अघोरी प्रथांविरुद्ध आहे, चमत्काराचा दावा करून लोकांना लुबाडणाऱ्यांविरुद्ध आहे. आमच्या पडवीत कोणी कसलाच दावा करत नाही. फासे, पेन्सिली, आणि शेवटी उरलेल्या शेंगदाण्यांवरून भांडण. अमेरिकेतही १९८३ साली या खेळाविरुद्ध संघटना उभी राहिली होती, सैतानाच्या पूजेचे आरोप झाले होते. आरोप टिकले नाहीत, खेळ टिकला. काकूंचा नातू आता आमच्याकडे गोब्लिन चालवतो.

शेवटचा समज खर्चाचा. महागडी पुस्तकं घेतल्याशिवाय खेळता येत नाही, असं अजून ऐकू येतं. विझर्ड्स ऑफ द कोस्टने २०१४ च्या आवृत्तीचा पायाभूत नियमसंच २०२३ च्या जानेवारीत क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला केला. वर आलेला मोती, अंगठी, पट्टी, अंगरखा आणि दोन्ही कांड्या, सगळं त्यात फुकट वाचायला मिळतं.

वॉर मेजची ती कांडी शेवटी पालघरकराच्या वॉरलॉककडे, म्हणजे आमच्यातल्या दुसऱ्या तऱ्हेच्या मांत्रिकाकडे, गेली. तो दर फेरीला एल्ड्रिच ब्लास्टच मारतो, आणि तो मंत्र नेमाचा आहे. बोईसरकराने पिशवीच्या तळातून मोती काढला.