दोन अंश वाढले, कोणाला सांगू?

महाड-पोलादपूरकडच्या वाचकांना बिरवाडीजवळची औद्योगिक वसाहत कोठे आहे हे सांगायला नको. आसपासच्या गावांतली माणसे तेथे पाळीवर जातात. वसाहतीत रसायनांचे कारखाने बरेच आहेत. ३ नोव्हेंबर २०२३ रोजी त्यांतल्या एका कारखान्यात स्फोट होऊन आग लागली आणि ११ कामगार मृत्युमुखी पडले. असे काही घडले की पहिला प्रश्न ऐकू येतो, ‘चूक कोणाची?’ हा प्रश्न स्वाभाविक आहे. पण पुढचा अपघात टाळायचा असेल, तर सुरुवात या प्रश्नाने करून चालत नाही. का, ते समजायला थोडे रसायनशास्त्र हवे.

प्रत्येक अपघाताचे कारण निराळे असते. आपण एक नेहमीचा प्रकार घेऊ. समजा, एका मोठ्या बंद पात्रात उष्णता बाहेर टाकणारी अभिक्रिया चालू आहे. या पात्राला कारखान्यात रिअ‍ॅक्टर म्हणतात. त्याच्याभोवती दुहेरी भिंत असून तिच्या पोकळीतून ३० अंश सेल्सिअसचे पाणी खेळते आहे. आतले तापमान ६० अंश आहे. जेवढी उष्णता निर्माण होते तेवढीच पाणी काढून नेते.

आता तापमान काही कारणाने वाढू लागले. ढोबळ मानाने, दर १० अंशांना अभिक्रियेचा वेग दुप्पट होतो. म्हणजे ७० अंशांना उष्णता दुप्पट, ८० ला चौपट, ९० ला आठपट! पाण्याने निघून जाणारी उष्णता मात्र फक्त तापमानांतील फरकाच्या प्रमाणात वाढते. ६० ला हा फरक ३० अंश होता, ९० ला तो ६० झाला. म्हणजे आठपट उष्णता येते आहे आणि जाते आहे जेमतेम दुप्पट. यापुढे तापमान आपोआप उसळत जाते. हेच ६२ अंशांना लक्षात आले असते, तर पाण्याची तोटी थोडी अधिक उघडून भागले असते.

तेव्हा काटा ६२ वर प्रथम कोणी पाहिला आणि त्याने पुढे काय केले, यावर सारे अवलंबून आहे. रात्रपाळीचा एक कंत्राटी कामगार तो पाहतो. त्याच्या मनात येते, सांगितले तर साहेब म्हणतील, ‘तुझे लक्ष कुठे होते?’ उद्या फाटकातून आत घेतले नाही तर? तो थोडा वेळ वाट पाहतो आणि नोंदवहीत ६० लिहून टाकतो. खरे तर पोकळीत क्षारांचे थर साचून पाण्याची वाट अरुंद झाली आहे, पाणी मोजणारा मीटर बंद पडलेला आहे आणि मागच्या पाळीने ते सांगितलेले नाही. त्या कामगाराला काढून दुसरा ठेवला तरी थर तेथेच राहणार.

विमानवाल्यांनी हा धडा फार महागात घेतला. १ डिसेंबर १९७४ रोजी अमेरिकेत वॉशिंग्टनजवळच्या डलेस विमानतळाकडे येणारे एक विमान डोंगरावर आदळले. आतले सर्व ९२ जण ठार झाले. उतरताना किती खाली यायचे, याबद्दल वैमानिकांचा घोटाळा झाला होता. नंतर कळले ते अधिक चटका लावणारे होते. सुमारे सहा आठवडे आधी, त्याच ठिकाणी, दुसऱ्या कंपनीचे एक विमान अशाच घोटाळ्यातून थोडक्यात बचावले होते. त्या कंपनीने आपल्या वैमानिकांना सावध केले; बाकीच्यांच्या कानावर काहीच गेले नाही.

१९७६ मध्ये तेथे एक योजना सुरू झाली. वैमानिकाने स्वतःची चूक १० दिवसांत लिहून कळवली आणि ती जाणूनबुजून केलेली नसेल, तर त्याला दंड नाही. पत्रावरचे नावही काढून टाकतात. ही पत्रे जातात ‘नासा’ या संस्थेकडे. शिक्षा करण्याचा अधिकार असलेल्या खात्याकडे ती दिलेली नाहीत, आणि माझ्या मते योजनेतला सर्वांत शहाणपणाचा भाग हाच.

याचा अर्थ सर्व काही माफ, असा नाही. धोक्याची घंटा कटकट नको म्हणून मुद्दाम बंद करून ठेवणारा आणि काटा वाचताना चुकणारा, हे दोघे एका मापाने मोजता येणार नाहीत.

आपल्याकडे १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली. जवळ आलेला धोका दिसताच तो व्यवस्थापनाच्या नजरेस आणण्याचा हक्क कामगाराला मिळाला. २०२० च्या नव्या संहितेतही तशी तरतूद आहे. पण रात्री अडीच वाजता तो हक्क वापरावा असे वाटणे, हे आदल्या वेळी कोणी बोलला तेव्हा त्याचे काय झाले, यावरच ठरते.

शिक्षकांना हे पडताळायला कारखान्यात जाण्याची गरज नाही. जुन्या प्रयोगशाळांत अजून पाऱ्याचे तापमापक असतात. तापमापक फुटला की भरपाई घ्यायची, असा नियम असेल तर मुले काचा गुपचूप टेबलाखाली सारतात. पाऱ्याचे थेंब फटीत जातात आणि त्यांची विषारी वाफ महिनोन्‌महिने त्या खोलीत पसरत राहते. फुटल्याबरोबर मुलाने सांगितले, तर काम थोडक्यात होते: सगळ्यांना बाहेर काढून खिडक्या उघडायच्या, केरसुणी मुळीच लावायची नाही, हातमोजे घालून ताठ कागदाने थेंब एकत्र करायचे आणि घट्ट झाकणाच्या बाटलीत भरून ठेवायचे.