टाक्यातून वाहणारी वीज

भारतात विणल्या जाणाऱ्या तलम रेशमी ऑर्गन्झाच्या एका प्रकारात ताणा साध्या रेशमाचा असतो, तर बाण्याच्या प्रत्येक धाग्याभोवती धातूची पातळ पट्टी गुंडाळलेली असते. कापडाला झळाळी यावी म्हणून योजलेली ही रीत. १९९०च्या दशकात अमेरिकेतल्या एमआयटी मीडिया लॅबमधल्या मॅगी ऑर्थ, रेमी पोस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्यातला विद्युतगुण हेरला. या कापडातून वीज बाण्याच्या दिशेनेच वाहते आणि शेजारचे धागे सुटे राहत असल्याने या कापडाची पट्टी थेट केबलचं काम करते. अशा दोन थरांमध्ये नायलॉनची जाळी घालून त्यांनी कापडी कीबोर्ड शिवला. बोटाने दाबलं की जाळीच्या छिद्रांतून दोन्ही थर टेकतात आणि परिपथ पूर्ण होतो.

आज कापडावर असे परिपथ शिवण्यासाठी चांदीचा मुलामा दिलेला नायलॉनचा किंवा स्टेनलेस स्टीलचा दोरा मिळतो. तो लवचीक असतो, पण त्याचा विद्युतरोध तांब्याच्या तारेपेक्षा बराच जास्त. धावदोरा लांबत गेला की एलईडी मंदावतो. दोऱ्यावर आवरण नसल्याने दोन ओळी एकमेकींना ओलांडणार असतील तिथे मध्ये कापडाचा तुकडा लावतात. गाठीची टोकं पसरून शॉर्टसर्किट होऊ नये म्हणून ती आखूड कापून वर नेलपॉलिशचा थेंब देतात. सोल्डरची जागा इथे टाका घेतो. तो सैल पडला की जोड गेलाच.

सेन्सरही शिवता-विणता येतात. वाहक दोरा सुयांवर विणला की कापड ताणताना टाक्यांचे वेढे एकमेकांना कमीजास्त टेकतात आणि रोध बदलतो. त्या बदलावरून कोपर किती वाकलं हे मोजता येतं. वाहक कापडाच्या दोन थरांत कार्बनमिश्रित प्लास्टिक घातलं, तर दाब वाढेल तसा रोध घटतो.

असे सेन्सर आणि एलईडी चालवायला प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड लागतो; ‘आर्डुइनो’ हा त्यातलाच एक. लिआ ब्यूकली यांनी तयार केलेला, सुईसाठी भोकं असलेला ‘लिलिपॅड आर्डुइनो’ हा त्याचा शिवता येणारा प्रकार २००७मध्ये बाजारात आला. त्याच्या वापराचा पुढे अभ्यास झाला, तेव्हा त्यावर आधारलेले बहुसंख्य प्रकल्प स्त्रियांनी केल्याचं दिसलं. साध्या आर्डुइनोचे बहुतेक प्रकल्प पुरुषांचे होते. साधन बदललं तसे तंत्रज्ञानाकडे येणारे हातही बदलले.

मुलामा धुण्याने झिजणं, घामाने धातू गंजणं, वाकून वाकून दोरा तुटणं हे प्रश्न अजून कायम आहेत. ताण, घर्षण आणि धुलाई सोसणारं कापड घडवणं हे विणकर आणि भरतकाम करणाऱ्यांचं पिढीजात ज्ञान आहे. या संशोधनात त्यांना मजुरीपुरतं बोलावू नये. प्रश्न मांडण्यापासूनच त्यांचा बरोबरीचा वाटा असायला हवा.