चोरलेला फोन निरुपयोगी कसा होतो?

आगगाडीचा प्रवासी रात्री झोपण्यापूर्वी आपली पेटी बाकाच्या पायाला साखळीने जखडतो व साखळीस कुलूप घालतो. दागिने तिजोरीत ठेवणे काय किंवा सायकलीस कुलूप लावणे काय, या सर्व उपायांचे तत्त्व एकच आहे: वस्तू जागची हलू नये. परंतु मोबाईल फोन हातात घेऊन फिरण्यासाठीच निर्माण झाला असल्याने त्यास साखळीने बांधता येत नाही. म्हणून त्याच्या रक्षणाचा विचार निराळ्या दिशेने करावा लागतो. वस्तू चोराच्या हाती पडली तरी तिचा त्यास उपयोग होऊ नये, हे त्या विचाराचे सूत्र होय.

यंत्राची जन्मखूण

प्रत्येक मोबाईल फोनला कारखान्यातच १५ अंकी क्रमांक दिला जातो. त्यास ‘आयएमईआय’ असे म्हणतात. सिमकार्ड बदलले म्हणजे दूरध्वनी क्रमांक बदलतो; हा क्रमांक मात्र मोटारीच्या सांगाड्यावर कोरलेल्या क्रमांकाप्रमाणे यंत्रास चिकटून राहतो. दोन सिमकार्डांच्या फोनास असे दोन क्रमांक असतात.

पहिल्या ८ अंकांवरून फोनचा नमुना कळतो, पुढील ६ अंक त्या नमुन्याच्या एकेका यंत्राचे असतात आणि शेवटचा अंक पडताळ्याचा असतो. तो काढण्याची रीत हान्स पीटर लून यांची असून तिचे पेटंट त्यांना १९६० साली मिळाले. समजा, पहिले १४ अंक ४९०१५४२०३२३७५१ असे आहेत. त्यांतील दुसरा, चौथा, सहावा याप्रमाणे एकाआड एक अंक दुप्पट करावा. दुप्पट दोन अंकी आल्यास त्या दोन अंकांची बेरीज घ्यावी. मग सर्वांची बेरीज केली असता ५२ येते. ती ६० होण्यास ८ कमी पडतात. म्हणून पंधरावा अंक ८. क्रमांक उतरून घेताना एखादा अंक चुकला, तर हा हिशेब जुळत नाही व चूक तत्काळ उघडकीस येते.

देशव्यापी नोंदवही

फोन सुरू होऊन जवळच्या टॉवरशी संबंध जोडतो, तेव्हा दूरध्वनी कंपनीचे जाळे त्याचा हा क्रमांक विचारून घेऊ शकते. तो चोरीच्या यादीत असल्यास फोनला सेवा नाकारली जाते. एकाच कंपनीने अशी यादी ठेवली तर चोर दुसऱ्या कंपनीचे सिमकार्ड घालील. म्हणून यादी सर्वांची मिळून एक असावी लागते. भारतात अशा मध्यवर्ती नोंदवहीचा प्रयोग सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि मे २०२३ मध्ये ‘संचार साथी’ या सरकारी संकेतस्थळाद्वारे ती सोय देशभर उपलब्ध झाली.

तथापि या उपायास मर्यादा आहेत. सेवा बंद झालेला फोन वायफायवर चालू शकतो व त्याचे सुटे भाग विकले जातात. क्रमांक बदलण्याचे प्रयत्नही होतात; २०२३ च्या दूरसंचार कायद्याने तो दंडनीय अपराध ठरविला आहे.

आतील ठेव

आज फोनच्या किमतीहून त्याच्या आतील ठेव मोलाची असते. रोजंदारीवरील मजुराची बचतही त्याच वाटेने बँकेत जाते. या ठेवीचे रक्षण पडद्याच्या कुलपाने होते. चार अंकी कुलपाच्या १०,००० शक्यता असतात. सहा अंकी कुलपाच्या १०,००,०००. जन्मतारीख किंवा १२३४ असे अंक योजल्यास मात्र हा लाभ वाया जातो.

सिमकार्डास निराळे कुलूप लागते, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. ते नसल्यास चोर कार्ड दुसऱ्या फोनमध्ये घालून बँकेचे सांकेतिक अंक मिळवू शकतो. ते असल्यास तीन चुकीच्या प्रयत्नांनंतर कार्ड अडते.

चोरीपूर्वी आणि चोरीनंतर

फोनवर *#०६# हे दाबले असता आयएमईआय क्रमांक पडद्यावर दिसतो. तो वहीत लिहून ठेवावा व खरेदीची पावती जपून ठेवावी. फोन गेल्यावर त्याच्यातच ठेवलेली नोंद कामी येत नाही. फोन चोरीस गेल्यास प्रथम सिमकार्ड बंद करवून बँकेस कळवावे. पैसे गेले असल्यास १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. पोलीस ठाण्यात तक्रार देऊन त्याच दूरध्वनी क्रमांकाचे नवे सिमकार्ड घ्यावे आणि तक्रारीच्या प्रतीसह संचार साथीवर अर्ज करावा. फोन परत मिळाल्यावर हीच बंदी उठविता येते.

चोराचा धंदा घेणाऱ्यावर चालतो. वापरलेला फोन घेणाऱ्याने त्याचा क्रमांक आधी संचार साथीवर तपासला, तर चोरीच्या मालास गिऱ्हाईक उरणार नाही. साखळी एका पेटीचे रक्षण करते. ही सवय सर्वांच्या फोनांचे रक्षण करील.