लेहरा धरणारी पेटी

तबल्याच्या परीक्षेला बसलेल्या मुलाला परीक्षकांसमोर लेहऱ्यावर वाजवावे लागते. वाशीत कार्यालय असलेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा नवी मुंबईतली कितीतरी मुले देतात. पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि त्यांच्या शिष्यांनी १९३१ मध्ये हे मंडळ उभे केले. परीक्षेचे ठीक, पण नेरुळ-खारघरच्या फ्लॅटमध्ये रोजच्या रियाजाला लेहरा धरणार कोण?

लेहरा, म्हणजेच नगमा, ही एका आवर्तनाची छोटी चाल. तीनतालात सोळा मात्रा, झपतालात दहा, रूपकात सात. पेशकार, कायदा, रेला, चक्रदार काहीही वाजवा, चाल फिरत राहते आणि समेची जागा दाखवते. पूर्वी हे काम सारंगीचे होते, मग हार्मोनियम आली. घरच्या रियाजाला कॅसेट आली, पण तिची लय आणि पट्टी ठरलेली. तबला काळी एकचा आणि कॅसेट दुसऱ्याच पट्टीची, असे झाले की रियाज अडला.

बेंगळुरूचे अभियंते आणि बासरीवादक जी. राज नारायण यांच्या 'रॅडेल' कंपनीने इलेक्ट्रॉनिक तानपुरा केला, पुढे तबल्यासाठी 'तालमाला' आणि लेहऱ्यासाठी 'सुनादमाला' आली. आता प्रसाद उपासनी यांची 'आयतबला प्रो' आणि 'आयलेहरा' ही अ‍ॅप खिशातल्या फोनवर चालतात. पट्टी बदला, लय हवी तेवढी वाढवा. पाश्चात्त्य संगीतात 'म्युझिक मायनस वन'ने १९५० पासून एक वाद्य वगळलेल्या तबकड्या काढल्या, त्यामागची गरज हीच.

यंत्राचा सर्वांत मोठा उपकार म्हणजे ते चूक झाकत नाही. कायद्याची दून करताना हात पळाला, तर तिहाई समेआधीच संपते आणि ते त्याच क्षणी कळते. घरच्या माणसाने लेहरा धरला तर तो नकळत सांभाळून घेतो.

पण मैफलीत हे सांभाळून घेणेच कामाला येते. वादक लय चढवतो तसा लेहरेदारही चढतो, तिहाईचा अंदाज घेऊन समेवर भेटतो. यंत्र वादकाचे काही ऐकत नाही. वर्षानुवर्षे फक्त त्याच्यावरच वाजवलेला मुलगा माणसासमोर बिचकतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

म्हणून शिक्षकांना विनंती: आठवड्यातून एकदा यंत्र बंद ठेवा. एका विद्यार्थ्याला हार्मोनियमवर लेहरा धरू द्या, दुसऱ्याला वाजवू द्या, मग जागा बदला. लेहरा धरणाऱ्याचाही ताल पक्का होतो.